पर्सनल ट्रेनरसाठी लायबिलिटी इन्शुरन्स – ठाणे/नवी मुंबईत कोणी काढलाय का? (क्लायंटकडून नोटीस आली आहे)

घोडबंदरचा_ट्रेनर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी फ्रीलान्स ट्रेनर आहे, या क्षेत्रात नऊ वर्षं झाली. आधी एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर होतो, लॉकडाऊनमध्ये तो बंद पडला तेव्हापासून स्वतःचे क्लायंट घेतो. कासारवडवली, वाघबीळ, हिरानंदानी इस्टेट या बाजूच्या सोसायट्यांच्या जिममध्ये सकाळी साडेपाच ते दहा, संध्याकाळी दोन बॅच, आणि शनिवारी खारघरला दोघेजण.

डिसेंबरमध्ये एका क्लायंटला (वय ४७, आयटीत, माझ्याकडे पाच महिने) डेडलिफ्टच्या (जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम) तिसऱ्या सेटला पाठीत कळ आली. बारवर ७० किलो होतं, आदल्या आठवड्यात ६५ व्यवस्थित उचलले होते. मी लगेच बार खाली ठेवायला लावला, आडवं झोपवलं, अर्ध्या तासाने ते स्वतः चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी डावा पाय बधिर, एमआरआय केला तर कंबरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधल्या डिस्कचा (चकतीचा) त्रास निघाला. तीन आठवडे घरी होते. मी दोनदा फोन केला, नंतर त्यांनी उचलणं बंद केलं, मग मी पण केला नाही.

गेल्या शुक्रवारी वकिलाची नोटीस आली. उपचार, बुडालेला पगार, मानसिक त्रास असं सगळं धरून ६ लाख ४० हजार, १५ दिवसांत द्या नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार करू.

माझ्याकडे मेडिक्लेम आहे, टर्म प्लॅन आहे, बँकेतला वर्षाला २० रुपयेवाला अपघात विमा आहे. एजंटला फोन केला तर म्हणतो अपघात विमा आहे ना, मग टेन्शन कशाला. मला ते काही पटलं नाही. बाहेरच्या देशांत ट्रेनर लोक लायबिलिटी इन्शुरन्स काढतात असं ऐकून होतो, आपल्याकडे मिळतो का? आता काढला तर या नोटिशीला उपयोग होईल का? आणि एक, त्या रात्री मी त्यांना व्हॉट्सॲप केलेला, "सर सॉरी, माझंच चुकलं, वजन वाढवायला नको होतं." नोटिशीला त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.

झोप लागत नाहीये. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

ऐरोली_लिफ्टर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:५८

भावा वाचून पोटात गोळा आला. मी पण हेच काम करतो, आमच्या ग्रुपवर ७०-८० ट्रेनर आहेत, एकाकडेही असला विमा नसेल, मी छातीठोक सांगतो. आपण सगळे एका कागदावर क्लायंटची सही घेतो ना, "इजा झाल्यास जबाबदारी माझी", त्याच्यावरच निर्धास्त असतो. तू ती घेतली होतीस का?

घोडबंदरचा_ट्रेनर | ४ फेब्रुवारी, सकाळी ५:१०

नाही रे. पहिल्या दिवशी तोंडी विचारलेलं, पाठ गुडघा बीपी शुगर काही आहे का, ते नाही म्हणाले. लेखी काहीच नाही.

निवृत्त_विमावाला | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

मी एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत ३१ वर्षं होतो, त्यातली शेवटची बरीच लायबिलिटी खात्यात. आधी कडू ते सांगतो म्हणजे तुम्ही त्या आशेवर पैसे घालवणार नाही. आज काढलेली कुठलीही पॉलिसी या नोटिशीला लागू होणार नाही. घटना घडून गेली, दावा हातात आला, आता तो विम्याचा विषय राहिला नाही. कोणी एजंट "मागची तारीख टाकून करून देतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या, तो तुम्हाला फसवणुकीच्या गुन्ह्यात ओढतोय.

आता तुमच्या एजंटचं. अपघात विमा म्हणजे तुमचा हात मोडला तर तुम्हाला पैसे. ते २० रुपयेवाले २ लाख सुद्धा तुमच्याच मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतात. लायबिलिटी म्हणजे तुमच्या चुकीने दुसऱ्याचा हात मोडला तर त्याला द्यावी लागणारी भरपाई आणि तुमच्या वकिलाचा खर्च. तुमच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा असतो, तो लायबिलिटीच. स्कूटरला कायद्याने सक्ती आहे म्हणून लोक काढतात, ट्रेनरला सक्ती नाही म्हणून सहसा कोणी काढत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे मिळतो का, तर मिळतो, पण दुकानात मागितल्यावर काढून देतात तसा नाही. डॉक्टर, सीए, वकील, इंजिनियर यांच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटीच्या (कामातल्या चुकीमुळे द्यावी लागणारी भरपाई भरणाऱ्या) तयार पॉलिसी चारही सरकारी कंपन्यांकडे वर्षानुवर्षं आहेत. ट्रेनर त्या यादीत बसत नाही म्हणून शाखेतला पोरगा पहिल्यांदा नाहीच म्हणेल. तेव्हा शाखेत न जाता लायबिलिटीचं काम करणारा ब्रोकर गाठायचा, तो "इतर व्यावसायिक" या सदराखाली अंडररायटरकडून (कंपनीत विमा द्यायचा का आणि किती प्रीमियमला हे ठरवणारा माणूस) कोट मागवतो.

बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

कोर्टनाका | ४ फेब्रुवारी, दुपारी २:०५

ठाण्यात ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो. हा सल्ला नाही, माहिती आहे. कागद बघितल्याशिवाय कोणीही वकील पक्कं सांगणार नाही, तेव्हा प्रत्यक्ष एखाद्याला भेटाच.

१) नोटिशीला उत्तर द्या. गप्प बसू नका. १५ दिवस हा त्यांनी दिलेला आकडा आहे, कायद्याची मुदत नव्हे, पण उत्तर न देणं पुढे वाईट दिसतं.

२) तुम्ही फी घेऊन सेवा देता, म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येता. डॉक्टरांची फी घेऊन दिलेली सेवा या कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं, २०२४ मध्ये वकिलांना बाहेर काढलं, ट्रेनरला कोणी बाहेर काढलेलं नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि क्लायंट जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग हे आता तुम्ही घेतलेल्या फीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फीसुद्धा नाही. म्हणजे समोरच्याला तक्रार करायला खर्च जवळपास शून्य. हे ट्रेनर लोकांना माहीतच नसतं.

३) तक्रार दाखल झाली आणि आयोगाची नोटीस आली तर ३० दिवसांत लेखी म्हणणं, फार तर आणखी १५ दिवस. ४५ च्या पुढे एक दिवस सुद्धा नाही, २०२० मध्ये घटनापीठाने हे स्पष्ट केलंय. "वकील गावाला गेले होते" चालत नाही.

४) इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, तो त्यांनी सिद्ध करायचा असतो. साधारण जाणकार ट्रेनरने जी काळजी घेतली असती ती तुम्ही घेतली का, आणि न घेतल्यामुळेच ही इजा झाली का, हे दोन प्रश्न. एका आठवड्यात ६५ चे ७० करणं हा गुन्हा नाही. पण लेखी पूर्वतपासणी नाही, प्रोग्रामची नोंद नाही, आणि "माझंच चुकलं" लेखी आहे. इथे तुमची बाजू लंगडी पडते.

५) सहीचा कागद: ऐरोलीकर, त्यावर निर्धास्त राहू नका. व्यायामात स्वाभाविक जे धोके असतात ते क्लायंटला माहीत होते एवढं तो कागद दाखवतो. तुमच्या निष्काळजीपणाला तो माफी देत नाही, आणि एकतर्फी अट असेल तर २०१९ च्या कायद्यात 'अन्याय्य करार' म्हणून तिलाच आव्हान देता येतं. तरी कागद घ्याच, नसण्यापेक्षा खूप बरा.

६) फौजदारी बाजू विसरू नका. निष्काळजी कृत्याने इजा हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये आहे. १५ दिवस माणूस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही तर ती 'गंभीर दुखापत' धरली जाते, आधी हे २० दिवस होतं. तुमचे क्लायंट तीन आठवडे घरी होते. पोलिसात जातीलच असं नाही, पण नोटिशीचं उत्तर हे डोक्यात ठेवून लिहायला हवं. आणि दंड किंवा शिक्षा कुठलीही विमा कंपनी भरत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी_वाघबीळ | ४ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

आमच्या कमिटीत हाच विषय चालू आहे. बाहेरचे आठ ट्रेनर आमच्या जिममध्ये येतात. आम्ही इमारतीच्या विम्यात पब्लिक लायबिलिटीची जोड घेतली होती, वाटलं झालं काम. ब्रोकरला विचारलं तर म्हणाला सोसायटीच्या चुकीने, म्हणजे ट्रेडमिलला शॉक बसला, टाइल सुटली, आरसा पडला, तर ती जोड उपयोगी. ट्रेनरने चुकीचं शिकवलं तर नाही. आता ठराव केलाय, ट्रेनरचं सर्टिफिकेट, पोलीस व्हेरिफिकेशन आणि स्वतःचा विमा. तिसऱ्या अटीवर सातजण रडकुंडीला आलेत, मिळतच नाही म्हणतात. त्यामुळे काकांच्या पुढच्या पोस्टची वाट बघतोय.

निवृत्त_विमावाला | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सेक्रेटरी साहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. या एका गोष्टीवर मी जास्त लिहिणार आहे कारण फसगत इथेच होते.

नावं तीन आहेत. पहिलं, १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट. भोपाळनंतर आला, घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी. "कायद्याने सक्तीची पॉलिसी" म्हणून कोणी जिमला ही विकली तर तो कागद तुमच्या काडीच्या कामाचा नाही. दुसरं, साधी पब्लिक लायबिलिटी, त्यातही 'नॉन इंडस्ट्रियल' प्रकार, हॉटेलं, थिएटरं, शाळा, क्लब यांच्यासाठीची. ही जागेशी बांधलेली असते. तुमच्या जागेत कोणी घसरून पडला, डोक्यावर काही पडलं, अशा गोष्टी. तिसरं, प्रोफेशनल इन्डेम्निटी, ही तुमच्या कौशल्यातल्या चुकीची.

आता खड्डा बघा. पब्लिक लायबिलिटीच्या वर्डिंगमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की व्यावसायिक सल्ला किंवा सेवेतून झालेलं नुकसान वगळलंय. तुम्ही म्हणाल ठीक, मग इन्डेम्निटी घेतो. पण डॉक्टरांची सोडली तर बऱ्याच प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी सल्लागार, आयटीवाले असल्यांसाठी बनवलेल्या असतात, त्यांच्या चुकीने पैशाचं नुकसान होतं, कोणाची कंबर जात नाही. म्हणून त्यात 'शारीरिक इजा' वगळलेली असते. तुम्ही दोन्ही पॉलिसी घेतल्या तरी डेडलिफ्टमध्ये मोडलेली कंबर दोन्हींच्या मधून खाली पडते. मी निवृत्त होण्याआधी असा एक दावा माझ्या टेबलावर आला होता, तो माणूस तीन वर्षं इमानदारीत प्रीमियम भरत होता, आणि आम्हाला नाही म्हणावं लागलं. अजून डोक्यातून जात नाही तो चेहरा.

तेव्हा ब्रोकरला एकच वाक्य लेखी विचारा: "मी दिलेल्या व्यायामाच्या मार्गदर्शनामुळे क्लायंटला शारीरिक इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाई आणि बचावाचा खर्च मिळेल का, आणि हे कुठल्या कलमात लिहिलंय?" कलम दाखवता आलं नाही तर तशी एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी) मागा. तोंडी "हो हो सर, सगळं कव्हर आहे" याला किंमत नाही.

बाकीचे मुद्दे पटापट.

मर्यादा दोन असतात, एका घटनेला किती आणि वर्षभरात एकूण किती. त्यांचं प्रमाण १:१ पासून १:४ पर्यंत असतं, २५ लाखाची १:१ घेतलीत आणि वर्षात दोघांना इजा झाली तरी एकूण २५ च. वकिलाचा खर्च बहुतेक याच रकमेतून जातो. 'एक्सेस' म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिली काही रक्कम तुमच्या खिशातून, तो आकडा प्रीमियमइतक्याच बारकाईने बघा.

आणि 'क्लेम्स मेड'. आपल्याकडच्या इन्डेम्निटी पॉलिसी या तत्त्वावर असतात. म्हणजे दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे, शिवाय घटना रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या (पॉलिसीत लिहिलेली तारीख, तिच्या आधीच्या घटना धरत नाहीत) नंतरची पाहिजे. मार्चमध्ये क्लायंटला लागलं, जूनमध्ये पॉलिसी संपली, तुम्ही नूतनीकरण केलं नाही, ऑगस्टमध्ये नोटीस आली, तर काही मिळणार नाही. क्लायंटला तक्रारीला दोन वर्षं आहेत हे वकील साहेबांनी सांगितलंच, दोन्ही एकत्र वाचा.

मूळ_नौपाडा_आता_मेलबर्न | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

इथे भावजय ट्रेनर आहे. पब्लिक लायबिलिटी आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी एकाच पॉलिसीत जोडून मिळते, ट्रेनरसाठीच बनवलेली, ऑनलाइन दहा मिनिटांत निघते. जिमवाले तिचा कागद बघितल्याशिवाय जागा भाड्याने देत नाहीत. अमेरिकेत तर बऱ्याच ट्रेनर पॉलिसी 'ऑकरन्स' तत्त्वावर असतात, घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू असली की झालं, दावा नंतर कधीही येवो. काकांनी सांगितलेला जूनचा प्रश्न मग येत नाही. पण तिकडची पॉलिसी ठाण्यात बसून घ्यायचा विचार कोणी करू नका, तिथले रहिवासी आणि तिथलं काम यासाठी असते.

उलट बाजू पण आहे. तुमच्यातले बरेचजण व्हिडिओ कॉलवर दुबई, अमेरिकेतले क्लायंट घेतात. भारतातल्या पॉलिसीत 'ज्युरिस्डिक्शन' भारतापुरतं असेल तर तिकडच्या कोर्टातला दावा तिच्यात बसणार नाही, विचारून घ्या.

नेरूळची_फिजिओ | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

माझ्याकडे महिन्याला चार-पाच तरी जिममधून दुखावलेले येतात म्हणून लिहिते.

एमआरआयमध्ये डिस्क दिसली म्हणजे ती त्या दिवशीच्या डेडलिफ्टनेच झाली असं नसतं. अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयचा २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला होता, ३३ अभ्यास, तीन हजारांवर लोक. त्यात डिस्क बल्ज (चकती बाहेर फुगणं) विशीतल्या ३० टक्के लोकांत होता आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. म्हणजे ४७ वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला तो आधीपासून असू शकतो. दादा, तुमच्या वकिलांना हे सांगा. पण हेही सांगते, तिसऱ्या सेटला कळ आणि दुसऱ्या दिवशी पाय बधिर, हा क्रम तुमच्या विरुद्धही बोलतो. ऑर्थोपेडिकचं लेखी मत लागेल.

पहिल्या दिवशीचा सात प्रश्नांचा पार-क्यू फॉर्म जगभर वापरतात. हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडासांध्यांचं दुखणं, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलंय का. एक जरी 'हो' आलं तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय वजन हातात द्यायचं नाही. हा फॉर्म मराठीत करून घ्या, क्लायंट वाचून सही करेल, आणि दर सहा महिन्यांनी परत.

अजून एक. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात शे-दोनशे स्क्वॉट मारायला लावणाऱ्यांनी ऱ्हॅब्डोमायोलिसिस हा शब्द पाठ करावा. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी कोलासारखी काळपट होते, किडनी बंद पडू शकते. अशी लघवी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. "दुखतंय म्हणजे फरक पडतोय" असं क्लायंटला सांगू नका.

ऐरोली_लिफ्टर | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२०

ताई, ऱ्हॅब्डोचं खरंय, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या क्लायंटला झालेलं, आठ दिवस ॲडमिट होता.

काकांना एक प्रश्न. ट्रेनर सप्लिमेंट विकतो, डाएट लिहून देतो, काहीजण त्याच्या पुढचंही देतात (समजून घ्या), ते कव्हर असतं का?

निवृत्त_विमावाला | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

प्रपोजल फॉर्ममध्ये (विम्याच्या अर्जात) जे काम लिहाल तेवढंच कव्हर. 'व्यायाम प्रशिक्षण' लिहिलं आणि दावा डाएटमुळे आला तर नाही म्हणतील. डाएट देत असाल तर तसं लिहा, प्रीमियम वाढेल पण वाढू द्या. सप्लिमेंटचा डबा विकला आणि त्यातून त्रास झाला तर तो प्रॉडक्ट लायबिलिटीचा वेगळा विषय. आणि इंजेक्शनं, स्टेरॉइड असलं काही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणाऱ्याला जगातली कुठलीही पॉलिसी वाचवणार नाही, आणि वाचवूही नये असं माझं स्पष्ट मत. विनयभंग, लैंगिक गैरवर्तन, दारू पिऊन काम, जाणूनबुजून केलेली कृती, हे सगळं वगळलेलं असतं.

घोडबंदरकर, तुमच्यासाठी खास. फॉर्ममध्ये "मागील दावे किंवा दाव्याची शक्यता" असा रकाना असतो. तिथे ही नोटीस लिहायचीच. लपवलीत तर पुढच्या वर्षीचा अगदी खरा दावासुद्धा याच कारणाने नाकारतील.

सीवूड्सकर_५२ | ६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. तीन वर्षांपूर्वी बेंच प्रेसला खांद्याचा स्नायू फाटला माझा. ट्रेनर मला स्पॉट देत नव्हता (बार सावरायला जवळ उभा नव्हता), बाजूला फोनवर होता. ऑपरेशन, चार महिने हात गळ्यात, मुलीच्या लग्नात एका हाताने अक्षता टाकल्या.

मी केस केली नाही. पण का करावीशी वाटली ते सांगतो. त्या दिवसानंतर तो माणूस मला एकदाही भेटायला आला नाही. दीड वर्षं रोज सकाळी भेटायचो आम्ही, माझ्या आईच्या तेराव्याला आला होता तो. आणि मी ॲडमिट असताना त्याच्या मालकाने त्याला सांगितलं जाऊ नकोस, गेलास तर चूक मान्य केल्यासारखं होईल. हे मला नंतर कळलं. मला पैशापेक्षा ते लागलं.

घोडबंदरवाले दादा, तुम्ही रात्रीच मेसेज केलात, ते कायद्याने चूक असेल, माणूस म्हणून मला ते चूक वाटत नाही. पण त्यांनी फोन उचलला नाही म्हणून तुम्ही पण थांबलात, तिथे माझ्या मते खरी गडबड झाली.

कोर्टनाका | ७ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सीवूड्सकर, लिहिलंत ते फार बरं केलंत. यात वकिलांचाही दोष आहे, "काही बोलू नका" एवढंच सांगून आम्ही मोकळे होतो. फरक समजून घ्या सगळ्यांनी. विमा पॉलिसीत अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. पण हॉस्पिटलमध्ये सोबत जाणं, रोज फोन करणं, डबा नेऊन देणं, "तुम्हाला त्रास होतोय याचं वाईट वाटतं" म्हणणं, यातलं काहीही कबुली नाही. बिनधास्त करा. फक्त कारण आणि दोष यावर बोलू नका, ते नंतर ठरतं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तुम्हालाही ते माहीत नसतं.

तुमच्या बाबतीत मध्यस्थीचा प्रयत्न करा असं मी म्हणेन. तक्रार दाखल झाल्यावरही कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, पण आधीच मिटलं तर दोघांचाही वेळ वाचेल.

सोसायटी_सेक्रेटरी_वाघबीळ | ७ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आमच्या आठही ट्रेनरची एकत्र चौकशी करतोय, एकच ब्रोकर. शिवाय आमच्याकडून एक चूक झाली होती ती सुधारली. ट्रेनरशी केलेल्या करारात लिहिलं होतं की काहीही झालं तरी सर्व जबाबदारी ट्रेनरची. ब्रोकर म्हणाला, करारात अंगावर घेतलेली जादा जबाबदारी विमा कंपनी उचलत नाही, म्हणजे मशिन आमचं नादुरुस्त आणि पैसे ट्रेनरच्या खिशातून. ते वाक्य काढलं. ज्याची चूक त्याची जबाबदारी असं केलं.

घोडबंदरचा_ट्रेनर | १ मार्च, रात्री १०:४५

मंडळी, मध्ये लिहायला जमलं नाही, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

नोटिशीला वकिलांमार्फत उत्तर दिलं, मुदतीत. मग सीवूड्सकर काकांचं वाचून चार दिवस डोक्यात तेच होतं. वकिलांना विचारलं भेटू का, ते म्हणाले भेटा, तब्येत विचारा, बाकी विषय काढू नका. एका रविवारी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग सर स्वतः बाहेर आले, काठी न घेता. तासभर बसलो. निघताना त्यांनीच सांगितलं की २०१८ ला एकदा पाठ धरली होती, आठवडाभर गोळ्या घेतल्या, नंतर विसरून गेले, म्हणून पहिल्या दिवशी 'नाही' म्हणाले. मुद्दाम लपवलं नव्हतं. मी कागदावर विचारलं असतं तर कदाचित आठवलं असतं.

पुढे दोन्ही वकिलांनी बसून मिटवलं. एमआरआय आणि फिजिओचा खर्च मी देतोय, सहा हप्त्यांत, आणि दावा संपल्याचं दोघांच्या सहीचं लेखी आहे. रक्कम इथे लिहीत नाही. माझ्यासाठी मोठी आहे पण ६ लाख ४० हजार नाही. बायकोला सगळं सांगितलं.

आता विमा. तीन ठिकाणी कोट मागितले. पहिल्याने काकांनी सांगितलं होतं अगदी तेच केलं, शारीरिक इजा वगळलेली पॉलिसी "सगळं कव्हर" म्हणून पुढे केली. कलम विचारल्यावर दोन दिवस फोन नाही. दुसऱ्याने नोटिशीबद्दल वाचून नकार दिला. तिसरा ब्रोकर वाघबीळच्या सेक्रेटरी साहेबांचाच, त्याने अंडररायटरशी बोलून शारीरिक इजेची एन्डॉर्समेंट आणून दिली. २५ लाख एका घटनेला, ५० लाख वर्षाला, रेट्रो डेट पॉलिसी सुरू झाल्याचीच. डिसेंबरची घटना नावानिशी वगळून. प्रीमियम माझ्या एका क्लायंटच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी, वर १८ टक्के जीएसटी (सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि लाइफचा जीएसटी गेला, लायबिलिटीचा नाही). एवढ्याशा पैशासाठी नऊ वर्षं मी उघड्यावर होतो हे पचायला वेळ लागतोय.

निवृत्त_विमावाला | २ मार्च, सकाळी ७:३०

वाचून बरं वाटलं. पॉलिसीचं मूळ वर्डिंग पूर्ण मागून घ्या, शेड्यूलच्या (पॉलिसीच्या सारांशाच्या) एका पानावर थांबू नका. आणि नूतनीकरणात खंड पडू देऊ नका, पडला तर नवी रेट्रो डेट मिळेल आणि आधीची सगळी वर्षं उघडी पडतील. कोणाला काही झालं, अगदी साधी लचक असली आणि क्लायंट हसत घरी गेला असला, तरी पुढे दावा येऊ शकेल असं वाटलं तर लगेच ईमेलने कंपनीला कळवून ठेवा. उशिरा कळवलं हे दावा नाकारायचं फार नेहमीचं कारण आहे. पुढे कंपनीने अन्याय केला असं वाटलं तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

नेरूळची_फिजिओ | २ मार्च, दुपारी ३:२०

सरांना पायातली ताकद परत आली का? बधिरपणा राहिला असेल तर टाळू नका म्हणावं.

घोडबंदरचा_ट्रेनर | २ मार्च, रात्री ९:५०

ताई, अंगठा अजून थोडा बधिर आहे, बाकी चालणं व्यवस्थित. उपवन तलावाला रोज दोन फेऱ्या मारतात. तुमचं वाक्य जसंच्या तसं पाठवतो त्यांना.

काका, नूतनीकरणाचा रिमाइंडर महिनाभर आधीचा लावलाय, बायकोच्या फोनमध्ये पण.

आणि पार-क्यूचा मराठी फॉर्म केलाय, दोन पानी. सात प्रश्न, आणि त्यांच्या खाली मी एक वाढवलाय: "आयुष्यात कधीही पाठ, मान, गुडघा किंवा खांदा यासाठी आठवडाभर गोळ्या घेतल्या आहेत का? कितीही जुनं असलं तरी लिहा." वकिलांनी बघून दिलाय. ज्या ट्रेनरना हवाय त्यांनी इथेच सांगा, पाठवतो.

ऐरोली_लिफ्टर | २ मार्च, रात्री ९:५४

मला पाठव. उद्या सहाच्या बॅचपासून भरून घेतो, जुन्या क्लायंटकडून पण. ग्रुपवर टाकू का?

घोडबंदरचा_ट्रेनर | २ मार्च, रात्री ९:५६

टाक. वर ब्रोकरला विचारायचं काकांचं ते वाक्य पण टाक, आहे तसं.